मायची उडती बाज

मी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने एकच वस्तू बनवली. ती वर गेली की खाली येत नसे, एवढाच तिच्यात दोष. बाकी वस्तू उत्तम होती. परवा नातवाने एका गुळगुळीत इंग्रजी मासिकातलं चित्र माझ्या नाकासमोर धरलं. एक मोटार, तिचं छप्पर छत्रीसारखं वर उचललेलं, आत लटकता पलंग, आणि पलंगावर एक गोरी बाई कॉफी पीत बसलेली. नातू म्हणाला, "आजोबा, बघा लोकांची डोकी कशी चालतात!" मी चष्मा पुसला, चित्र पुन्हा पाहिलं आणि म्हणालो, "ही बाई खाली कशी उतरते, ते दिलं आहे का कुठे?" त्याला वाटलं, म्हातारा खवचटपणा करतो आहे. मी तर अनुभवाने विचारत होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका उन्हाळ्यात आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, लग्न होतं. आमचं गाव मलकापूरच्या बाजूचं, कपाशीचं. सासर मात्र पार जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्या घराण्याची रीत अशी की लग्न त्यांच्या अंगणातल्या देवासमोरच लागायचं. नवऱ्याने मुलीच्या दारी यायचं नाही, मुलीच्या माणसांनीच तिकडे जायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते मान्य केलं होतं. चैत्रापासून घरात नुसती लगबग होती. पहाटे जातं घरघरू लागायचं. ओसरीवर पालथ्या घातलेल्या पाटांवरून शेवयांच्या तारा लोंबायच्या. काक्या-माम्या गोल बसून काड्यांवर पिठाचे सरगुंडे वळायच्या आणि वळता वळता गावातल्या प्रत्येक घराची अब्रू तितक्याच बारीक वळून काढायच्या. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास तर माझ्या सदऱ्यालासुद्धा येत होता. मी त्या साली मॅट्रिकला आपटी खाऊन घरी बसलो होतो. कुरडयांवरचे कावळे हाकलणं हे माझं अधिकृत काम होतं, आणि कावळ्यांनीही मला फारसं मनावर घेतलं नव्हतं.

त्या कुरडयांनीच घात केला. माय कुरडयांची परडी घेऊन धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, शिडीने उतरत होती. शिडी सरकली आणि माय अंगणात पडली. परडी मात्र तिने पोटाशी धरलेली. सगळे धावले तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली, "कुरडया पाहा, तुटल्या का?" कुरडया शाबूत होत्या. मायच्या मांडीचं हाड तुटलं होतं. मलकापूरच्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या आणि बजावलं, तीन महिने पाठीवर पडून राहायचं. हिसका बसला आणि हाड सरकलं, तर बाईंचा पाय कायमचा गेला.

लग्न पुढे ढकलावं, तर सिंहस्थ तोंडावर आलेला. तो लागला की वर्षभर मुहूर्त नाही. घरातली मोठी माणसं मायच्या बाजेभोवती, म्हणजे खाटेभोवती, बसली. थोरली काकू पदर सावरत म्हणाली, "मी न तुमचे जेठ बसतो कन्यादानाले. शास्त्रात चालते."

माय छताकडे पाहत होती. म्हणाली, "शास्त्रात चालत असन. मले नाही चालत."

आबा म्हणाले, "अवं, पण तू जाशीन कशी? बैलगाडीत दहा पावलं गेली तरी हाडाचा चुरा होईन."

"ते तुमी पाहा. माही एकुलती एक लेक हाये. तिचा हात मी देईन. नाही तं ह्या बाजेवरून मी उठतच नाही, पाय बरा झाला तरी."

मायच्या ह्या धमकीत तर्क कमी होता, पण आबा हादरले. शेवंता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून रडत होती. मला तेव्हा वाटलं, आता घरात एखाद्या बुद्धिमान पुरुषाची गरज आहे. आणि आजूबाजूला पाहिल्यावर मला दुसरा कोणी दिसला नाही.

आमच्याकडे एक लॉरी होती. हंगामात कपाशी मलकापूरच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायची. ती चालवायचा करीमभाई. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लॉरीच्या अंगाला कोळशाची भट्टी बसवलेली होती, तिच्या वायूवर इंजिन चाले. करीमभाई सकाळी तासभर भट्टी फुंकायचा, लॉरी खोकायची, थुंकायची, आणि मग बाप्पा बाप्पा करत निघायची. करीमभाईला स्वतःविषयी अपार आदर होता. नागपूरच्या लाटसाहेबाची मोटार आपणच चालवणार होतो, पण हवा मानवली नाही, असं तो सांगे. मी त्याला माझी कल्पना सांगितली. बाज लॉरीच्या तळावर ठेवायचीच नाही. दोरांवर टांगायची, पाळण्यासारखी. मग लॉरी खड्ड्यात आदळली तरी बाज नुसती झुलेल.

करीमभाईने विडी विझवली. "बाबू, ये तो मेरे दिमाग में कल का हाये. पण टांगून कायले ठेवायची? वर उचलायची. खाली बाया बसतीन, रुखवत बसन. वर भाभी, हवा खात. चढवायच्या वेळी खाली घ्यायची, चढल्या का वर."

"न छप्पर?"

"छप्पर बाजेलेच बांधायचं. बाज वर, छप्पर वर. बाज खाली, छप्पर खाली. त्यांच्या गावची वेस ठेंगणी हाये, पाह्यली मी. छप्पर खाली घेतलं तं आरामात निघते."

वेशीचा विचार आम्ही आधीच केला होता, हे मी मुद्दाम नोंदवतो. आमच्यावर पुढे जे आरोप झाले, त्यात 'पोट्ट्यांनी विचार केला नाही' हा साफ खोटा होता.

लॉरीच्या मागच्या हौद्याच्या चार कोपऱ्यांत, पुढच्या टपाच्या उंचीएवढे, बाभळीचे चार खांब उभे केले. प्रत्येकात उभी खाच. बाजेच्या चौकटीची टोकं त्या खाचांतून वरखाली सरकायची. खांबांच्या डोक्यावर कप्प्या, कप्प्यांवरून दोर, आणि चारही दोर मागे एका मोठ्या चाकाला गुंडाळलेले. चाक आमच्या पडीक विहिरीच्या मोटेचं. मोटेने आजवर पाणी वर काढलं होतं, आता माय काढणार होती. दोर मात्र मोटेचा घेतला नाही. जुना नाडा काळाठिक्कर, शेवाळलेला. लग्नाच्या कामाला असली वस्तू लावायची? काकू म्हणाली, "शुभकार्य हाये, सगळं कोरं पाह्यजे." मलाही पटलं. बाजारातून अंबाडीचे नवेकोरे दोर आणले, त्यांना हळदीची बोटं लावली, चाकाला कुंकू लावलं. खांबही ताज्या बाभळीचे. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं की नवा नाडा मोटेला लावण्याआधी चार दिवस डोहात भिजत घालतात, नाही तर ओला झाला की आखडतो. पण ते विहिरीपुरतं. लॉरीत कुठे पाणी असतं?

पहिली चाचणी सरकीच्या पोत्यांवर झाली. दुसरी आबांवर. आबा आधी नाही म्हणाले, मग मायने आतून नुसतं खाकरलं आणि ते मुकाट बाजेवर आडवे झाले. मी चाक फिरवलं. आबा धोतर सावरत, डोळे मिटून, कुळदेवाचं नाव घेत वर गेले. करीमभाईने लॉरी गावाबाहेरच्या खडकाळ रस्त्यावरून पळवून आणली. खाली उतरल्यावर आबांनी आधी वहाणा शोधल्या. मग म्हणाले, "वरून आपलं वावर दिसते रे सारं." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही माझी पहिली आणि बहुधा शेवटची स्तुती.

लग्नाच्या दिवशी पहाटेच निघालो. चौघांनी मायला अलगद बाजेवर ठेवलं, मी चाक फिरवलं आणि माय वर गेली. सारं गाव पाहायला जमलं होतं. एका म्हातारीने तर हात जोडले. खाली हौद्यात नवरीमुलगी, काक्या, माम्या, पितळेची भांडी, आणि मधोमध रुखवताच्या परड्या: शेवया, सरगुंडे, आणि त्याच त्या कुरडया. पूर्णेच्या पात्रात पाणी घोट्याएवढंच होतं. लॉरी वाळूत आदळली तेव्हा खालच्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, आणि वर माय नुसती झुलली. तिने वरून विचारलं, "काऊन गं, काय झालं?" मी टपावर बसून अशा थाटात इकडेतिकडे पाहत होतो, की जणू पूर्णा नदीही मीच बनवली आहे.

शहाण्या माणसाने इथेच थांबावं. पण ऊन चढलं. वैशाखातलं वऱ्हाडचं ऊन, वाऱ्यातसुद्धा भट्टीची धग. मायचे ओठ कोरडे पडलेले दिसले. आमच्याकडे सधन घरांत दारांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावतात, त्यांवर पाणी मारतात, आणि आत थंडगार वास सुटतो. मी तशा ताट्या बाजेच्या चारही बाजूंना आधीच गुंडाळून बांधल्या होत्या, त्या आता खाली सोडल्या. पाण्याचे माठ होतेच. वाटेत दिसेल त्या विहिरीवर लॉरी थांबवून मी ताट्या भिजवल्या, छप्पर भिजवलं. पाणी ताट्यांवरून खांबांवर, खांबांवरून दोरांवर पाझरत होतं. वरून माय म्हणाली, "मध्या, जीव थंड केला रे पोरा." मी आणखी चार घागरी ओतल्या.

वेशीशी पोचलो तेव्हा सारं गाव स्वागताला उभं. सनई, डफडी, आरत्या. पुढे नवरदेवाचे मामा, तुरेदार फेट्यात, मिशीला पीळ भरलेले. त्यांच्यामागे विहीणबाई, म्हणजे नवरदेवाची आई. अंगाने भरभक्कम, भरजरी लुगड्यात घामाने निथळणारी. बायका लॉरीतून उतरल्या. मी थाटात चाकाजवळ गेलो आणि चाक अडवणारी खुंटी काढायला लागलो. खुंटी निघेना. दोरांनी आखडून चाकाला अशी मिठी मारली होती, की गाठ म्हणजे नुसता दगड. कशीबशी खुंटी हातोड्याने पाडली, तरी चाक फिरेना आणि बाज जागची हलेना. बाभळीचे ओले खांब फुगले होते, आणि चौकटीची टोकं खाचांत पाचरीसारखी बसली होती.

"पाणी टाक," करीमभाई म्हणाला. "पाण्यानं बुळबुळीत होईन."

मी टाकलं. दोन घागरी. दोर करकरले, आणि माय आणखी वीतभर वर गेली.

सनई थांबली. मामांनी फेटा मागे सारला. "हे काय सोंग हाये?"

आबा पुढे झाले. "जरा दम धरा मामासाहेब. माहं घरातलं माणूस दुखण्यात हाये."

"दुखण्यात हाये तं घरी ठेवायचं. इथं वरपक्ष खाली उभा, न मुलीची माय आमच्या डोक्यावर? ह्या वेशीत असं कधी झालं नाही. पोरीले पायी आत घेऊन चला. काका-काकू कन्यादान करतीन. ह्या बाई राहू द्या बाहेर, आपल्या माडीवर."

कोणीतरी हसलं. करीमभाई कोयता घेऊन पुढे आला आणि माझ्या कानात म्हणाला, "दोर कापू का?" आबांनी त्याचा हात धरला. एक कोपरा सुटला आणि बाकीचे अडकून राहिले, तर माय फळ्यांसकट खाली आली असती. वर ताट्यांच्या आड ती काही दिसत नव्हती. फक्त आवाज आला, आणि तो माझ्या मायचा वाटतच नव्हता, इतका बारीक. "मध्या, होईन ना रे काही?" मी चाकाला खांदा लावला. शेवंता हळदीच्या अंगाने लॉरीच्या चाकाला टेकून बसली. "माय खाली आल्याबिगर मी हलत नाही," एवढंच म्हणाली. गोरज मुहूर्ताला वेळ होता, पण मामांचा चेहरा पाहता मुहूर्ताआधीच लग्न मोडेल, असं दिसत होतं. मला त्या क्षणी मॅट्रिकचा परीक्षकही देवमाणूस वाटला. त्याने निदान मला एकट्यालाच नापास केलं होतं.

विहीणबाई इतका वेळ पदराने वारा घेत सगळं ऐकत होत्या. ताट्यांवरून थेंब ठिबकत होते, खसाचा वास खालपर्यंत येत होता. त्यांनी मान वर करून विचारलं, "काहो विहीणबाई, वर थंड हाये का?"

माय म्हणाली, "फ्रीज... " नाही, हे मी आजच्या भाषेत सांगायला लागलो. तेव्हा असलं काही नव्हतं. माय म्हणाली, "माठातल्यासारखं हाये, बाई."

"अस्सं?" विहीणबाईंनी नातेवाइकांकडे पाहिलं. "शिडी आणा."

मामा ओरडले, "अक्का, तू वरमाय हायेस! वरमायनं चढून जायचं?"

"तूच म्हणून राह्यला ना, मुलीची माय आमच्या वर हाये म्हणून? मंग मी वर जातो, बरोबरी होईन. अन् इथं तुह्या मानापायी मी उन्हात शिजू का? धर शिडी!"

शिडी मामांनीच धरली. विहीणबाई वर चढल्या, ताटी सारून आत शिरल्या, बाज कुरकुरली. आम्ही खाली खांब धरून उभे. मग वरून गप्पा सुरू झाल्या. हाड कसं मोडलं. शिडीचा पाय कुठे सरकला. आमच्याकडे पण एकदा असंच झालं होतं. विहिणीचे पाय धुवायचे असतात, म्हणून मायने तांब्या मागितला. वरमाय बाजेच्या पायथ्याशी, पाय मायच्या हाताकडे पसरून बसलेली, आणि मायने पडल्या पडल्या हात लांबवून तिचे पाय धुतले. ते पाणी ताटीतून बरोबर मामांच्या फेट्यावर सांडलं. तुरा खाली बसला. यावेळी हसणारे त्यांचेच होते.

ऊन मात्र आपलं काम करत होतं. लग्नघरातून आंब्याचं पन्हं आलं, एक तांब्या वर गेला. ताट्या सुकल्या, दोरांचा काळपट ओला रंग उडून परत पिवळा झाला. कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही. मी लॉरीच्या सावलीत पुढच्या आयुष्यात काय करता येईल याचा विचार करत होतो. मला कोणीही ओळखत नसलेल्या गावी किराणा दुकान, इथवर आलो होतो. इतक्यात लॉरीतून आवाज आला. कुर्रर्र. मग जरा थांबून, कुर्रर्र कुर्र.

वर माय दचकली. "माह्या कुरडया!"

परड्या अजून बाजेखालीच होत्या. बाज त्यांच्यावर टेकत होती. दोन भरल्या घरच्या बायकांच्या वजनाने, गप्पांच्या लयीत, बोटबोटभर, ती खाली येत होती. विहीणबाईंनी ताटी बाजूला करून बाहेर पाहिलं. मामांचा चेहरा त्यांच्या तोंडासमोर आला. "काऊन बाप्पा," त्या म्हणाल्या, "मी खाली येऊन राह्यली का गाव वर जाऊन राह्यलं?"

करीमभाई आणि मी एकाच वेळी चाकाकडे धावलो. ते धरून, श्वासागणिक दोर सोडत, आम्ही बाज तळाला टेकवली. वाटेत एकही परडी वाचली नाही. वर्षभराच्या कुरडयांचा भुगा झाला, आणि तो भुगा होतानाचा आवाज माझ्या कानांना सनईपेक्षा गोड लागला. आबा लॉरीच्या कडेला दोन्ही हात टेकून नुसते उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, ते मी विचारलं नाही.

छप्पर खाली आलं, लॉरी वेशीतून वीतभर अंतर राखून निघाली. विहीणबाई उतरल्याच नाहीत. दोघी एकाच बाजेवर, वाजतगाजत गावात शिरल्या. मांडवात बाज देवासमोर ठेवली. गोरज मुहूर्ताला, पाठीवर पडल्या पडल्या, मायने शेवंताच्या हातावर आपला हात ठेवला आणि पाणी सोडलं. रात्री पंगतीत विहीणबाईंनी कुरडयांचा भुगा तळायला लावला आणि साऱ्यांना वाढला. त्यांच्या घरात पुढे कित्येक वर्षं लग्नात कुरडई मोडूनच तळत. नव्या सुनांना वाटे, जुनी रीत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. शेवंता वेशीपर्यंत आली. रडायचं ते तिने रात्रीच उरकलं होतं. लॉरी वेशीतून बाहेर पडली, जरा पुढे आली, आणि माय म्हणाली, "मध्या, घे वर."

मी चाकाची खुंटी दाबून धरली. "माय, आता कायले? खाली बरी हायेस. अटकली म्हंजे?"

"अटकू दे. इथून वेस दिसत नाही."

मी चाक फिरवलं. ताट्या गुंडाळलेल्या होत्या, कोरडे दोर मुकाट सरकले. माय वर गेली, आणि मी टपावरून पाहिलं, तिने मान वळवली होती. वेशीत पिवळं लुगडं उभं होतं. लॉरी खोकत निघाली. पिवळं लुगडं बोटाएवढं झालं, मग हरभऱ्याएवढं, मग वळणावरच्या निंबामागे गेलं. माय तरीही काही वेळ पाहत राहिली.

मग म्हणाली, "दिसली. बस, आता घे खाली."

बाज एका दमात, लोण्यातून सुरी जावी तशी खाली आली. पूर्णा ओलांडेपर्यंत माय गाढ झोपली होती. पडल्यापासून ती रात्री नुसती कण्हायची. त्या दिवशी मात्र घोरत होती, कोळशाच्या भट्टीपेक्षाही मोठ्याने. आणि आबांनी करीमभाईला सांगितलं, "जरा हळू चालव रे, घाई नाही आता."